याकोबिनेच्या ऐंशीव्या वाढदिवसाला

दारापाशी बुटांचा ढीग.
आमच्या पामिउतमध्ये वाढदिवसाचं बोलावणं नसतं,
दिवसभर कॉफी उकळत असते, ज्याला यायचं त्याने यावं,
केकचे तीन तुकडे खावेत, आणि खुर्ची गरम असतानाच
पुढच्याला द्यावी.

आज मात्र कोणी उठेना.
इवालू सुट्टीला आलीय कोपनहेगनहून.
बशी मांडीवर सावरत ती सहज बोलून गेली,
"युरोपच्या संघात परत जायला हवं आपण,"
आणि सोळा चमचे कपात थांबले.

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत माझे वडील, एनोक,
मला शाळेच्या हॉलपर्यंत घेऊन गेले होते.
मी तेरा वर्षांचा. त्यांच्या हातमोज्याला कॉडचा वास,
खिशात घरून आणलेली पेन्सिल,
कारण तिथली पेन्सिल ब्रुसेल्सची असेल
असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं.
बाहेर येऊन म्हणाले, "मासे आपले झाले."
राजकारणावरचं त्यांचं एवढंच भाषण मी ऐकलं.

मासे आपले झाले.
मग मासे गेले.
पाणी गार पडलं म्हणे. आम्हीच ओरबाडलं, असंही म्हणे.
कॉडने कुणाचं मत घेतलं नाही.
कारखान्यात काट्यावर मी होतो.
एका सकाळी मोजायला काहीच आलं नाही,
तर मी रिकामा हौद चढवला आणि वहीत लिहिलं:
हौद, एकशे बारा किलो.

"परवा कुणीतरी नकाशात आपल्यावर बोट ठेवलं,"
इवालू सांगत होती, "शेजारी उभं राहायला कोण होतं?
टेबलाशी एक खुर्ची तरी हवी."
"देतील की खुर्ची," पाविया म्हणाला,
"आणि तिचं भाडं कोळंबीतून कापून घेतील."
कारोलिनेने सुई खाली ठेवली.
सीलच्या कातड्याला नाकं मुरडली त्यांनी,
माझ्या बापाने बंदूक विकली, आणि आता
ओकलेलं गिळायचं?
कुणीतरी हसलं. कुणीतरी नाही हसलं.

मग सगळे याकोबिनेकडे वळले.
तिचं तेव्हाचं मत गावाला ठाऊक आहे.

"मी राहू या म्हणाले होते," ती म्हणाली.
"भांडायचं तर घरात बसून भांडावं, रस्त्यावरून काय ओरडायचं?
एनोक महिनाभर बोलला नाही माझ्याशी.
मग एक दिवस अख्खा मासा ओट्यावर टाकून गेला,
डोक्यासकट. माफी नव्हती ती. जेवण होतं."

"आणि आता?"

"आता ते घर तरी तेच आहे का?
आपण नसताना भिंती सरकल्या, माणसं वाढली,
एक जण तर भांडी आपटत निघूनही गेला.
तू परत जायचं म्हणतेस, पोरी.
परत असं काही नसतं. नवं जाणं म्हण,
मग विचार करते."
खिडकीबाहेर फ्योर्डच्या तोंडाशी बर्फाचा एक तुकडा
आत यावं की न यावं असा घोटाळत होता.
"इमाका," ती म्हणाली.

या शब्दाचा अर्थ कदाचित.
आम्ही तो हवामानासाठी वापरतो, बोटीसाठी,
लग्नासाठी, आणि नाही म्हणायचं जिवावर येतं तेव्हा.
तिने तो कशासाठी वापरला, मला कळलं नाही.
एक मात्र दिसलं, इवालूच्या बशीत तिने
न विचारता चौथा तुकडा वाढला.

मी निघालो. अंधारात पाय सरकवले,
चाळीस पावलं गेल्यावर कळलं,
डावा बूट माझा, उजवा पावियाचा.
वडील असते तर तसेच घरी गेले असते,
उद्या बघू म्हणत, एक पाय घसरत.

मी वळलो.
आमच्याकडे दार वाजवत नाहीत.
वाजवतो तो पोलीस, नाहीतर परका.
ढकलायचं असतं, इतकंच.
तरी पायरीवर, आतले आवाज ऐकत,
माझा हात मूठ करून
हवेत थांबलेला.